आई करंजीची मुरड विसरली नाही: मेंदूतल्या कोणत्या पेशी आधी जातात?

पाचपाखाडीकर (धागालेखक), शनिवार रात्री ११:४०

गेल्या दिवाळीतली गोष्ट. बायको करंज्या करत होती, आई शेजारी पाटावर बसून बघत होती. आईचं वय ७६, अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. बघता बघता तिने बायकोच्या हातातलं कातणं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, करंजी डाव्या तळव्यावर घेतली आणि अंगठ्याने मुरड घालायला लागली. दोरीसारखी एकसारखी मुरड. सोळा करंज्या झाल्या तशी मान वर करून मला म्हणाली, "तुमच्याकडे आई नाही का हो करायला?"

त्या रात्री झोप लागली नाही. मुलाचा चेहरा गेला आणि मुरड राहिली, हे कसं? पेशी मरतात हे डॉक्टर सांगतात. पण सगळ्या एकदम मरत नाहीत, आजार निवडून निवडून नेतो. कोणाला, आणि त्यांनाच का?

योगायोग असा की मी पोटापाण्यासाठी याच प्रश्नाच्या आसपास वावरतो. ऐरोलीच्या एका कंपनीत जनुकांच्या डेटावर काम करतो. शास्त्रज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच. दुसऱ्यांनी मोजलेले आकडे निवडून-पाखडून देणारा माणूस. गेली तीन वर्षं येणारे आकडे मेंदूचे आहेत. जे समजलं ते लिहितो, चुकलं तर कान धरा.

आजाराला नाव मिळालं तेही एका बाईंच्या विसरण्यावरून. १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर यांना फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. (आपलं ठाण्याचं मनोरुग्णालयही १९०१ चंच.) १९०६ मध्ये त्या वारल्या आणि अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे काप रंगवून पाहिले. पेशींच्या बाहेर गोळे, आत गुंता झालेले तंतू. गोळ्यांमधलं प्रथिन अमायलॉइड आणि गुंत्यातलं टाऊ, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं.

कापात काय साचलंय ते दिसतं, पेशी काय करतेय ते दिसत नाही. त्यासाठी आरएनए बघावा लागतो. डीएनए म्हणजे सगळ्या कार्यालयांत सारखीच असलेली नियमावली. रोज जी परिपत्रकं निघतात ती आरएनए. पूर्वी मेंदूचा तुकडा घ्यायचे, दळायचे आणि सगळ्या पेशींची परिपत्रकं एकत्र मोजायचे. आमच्या सोसायटीला पाण्याचं एकच बिल येतं तसं. बिल वाढलं की चेअरमन सगळ्यांच्या दारावर सूचना लावतात. ६४ फ्लॅटपैकी तिसऱ्या मजल्यावरच्या एकाचा फ्लश गळतोय आणि चार फ्लॅटना कुलूप आहे, हे बिलावरून कसं कळणार? मेंदूत घोळ आणखी मोठा. चेतापेशी मेल्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या आधारपेशी वाढल्या, की एकाही पेशीने आपलं वागणं न बदलता सरासरी बदलते!

मग फ्लॅटवार मीटर आले. एकाच पेशीतला आरएनए वाचण्याचं काम २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणाच्या पेशीवर झालं. २०१५ मध्ये थेंबांची युक्ती निघाली. तेलात पाण्याचे बारीक थेंब करायचे, प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी. मण्यावर असंख्य धागे, सगळ्यांवर त्या मण्याचा एकच बारकोड. पेशी फुटली की तिची परिपत्रकं धाग्यांना चिकटतात, त्यांच्यावर बारकोडचा शिक्का बसतो. मग सगळं एकत्र वाचलं तरी कोणता कागद कोणत्या पेशीचा ते कळतं. हजारो पेशी एका दिवसात.

२०१९ मध्ये अल्झायमरवर यातलं पहिलं मोठं काम एमआयटीतून आलं. ४८ माणसांच्या कपाळामागच्या भागातून ८०,६६० पेशी. आजाराच्या सुरुवातीला प्रत्येक प्रकारची पेशी आपापल्या परीने बिघडते आणि नंतर सगळ्यांचं रडगाणं सारखं होतं, असा सूर निघाला. २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने एन्टोरायनल कॉर्टेक्स बघितला. कानाच्या आतल्या बाजूला, आठवणींच्या दारात बसलेला भाग, टाऊ सगळ्यात आधी साचतं त्या जागांपैकी एक. तिथल्या सगळ्या चेतापेशी सारख्याच नाजूक नव्हत्या. आरओआरबी हे जनुक चालू असलेला एक गट आधी गळत होता, शेजारचे टिकून होते.

आणि २०२४ मध्ये सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूट आणि सोबत्यांनी ८४ जणांचे मेंदू घेऊन आजाराचा जणू एकच लांबलचक रस्ता आखला. पहिला टप्पा संथ, बाहेरून माणूस ठीकठाक. पण त्या काळातच सोमॅटोस्टॅटिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी व्हायला लागलेल्या. या पेशी इतरांना आवरणाऱ्या, वर्गातल्या मॉनिटरसारख्या. दुसऱ्या टप्प्यात अमायलॉइड आणि टाऊ झपाट्याने वाढतात आणि इतरांना चेतवणाऱ्या पेशीही जातात. हे वाचताना मी आईच्या २०१७-१८ च्या वागण्याकडे मागे वळून बघत होतो. तेव्हा ती कल्याणला भावाकडे एकटी जायची, यायची.

फ्लॅटवार मीटर लागले तरी फ्लॅट कुठे आहे ते कळत नव्हतंच, कारण पेशी सुट्या करताना पत्ता पुसला जातो. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या लोकांनी काचपट्टीवरच बारकोडचे ठिपके छापले आणि वर मेंदूचा काप अलगद ठेवला. ज्या ठिपक्यावर आरएनए उतरला तो त्याचा पत्ता. आता अमायलॉइडच्या गोळ्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारी पेशी आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी पेशी यांत फरक काय, असा प्रश्न विचारता येतो. २०२० मध्ये बेल्जियमच्या एका गटाने उंदरात विचारला आणि गोळ्याशेजारी एकदम जागी होणारी ५७ जनुकं सापडली.

मुरडीचं उत्तर यात थेट नाही. हातांची सवय मेंदूच्या वेगळ्या वस्तीत राहते, तिथे हा आजार उशिरा पोचतो, इतकंच. पण वस्ती वाचली ती तिथल्या पेशींच्या स्वभावामुळे की शेजारामुळे, हा माझा प्रश्न आहे. जाणकारांनी लिहावं.

सकाळची_लोकल

शेवटपर्यंत वाचलं. "तुमच्याकडे आई नाही का हो" तिथे घणसोली कधी गेलं कळलं नाही, कोपरखैरणेला उतरून परत आलो. पुढील लेखनाला शुभेच्छा.

निवृत्त_मास्तर

उत्तम लेख. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा दोन शंका विचारायचा हक्क मागतो. एक, तुम्ही '८०,६६० पेशी' म्हणता, पण माझ्या पुतणीने पाठवलेल्या कात्रणात 'न्यूक्लियस' आहे. केंद्रक म्हणजे पेशी नव्हे. दोन, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्यातल्या ऐंशी हजार म्हणजे समुद्रातून लोटीभर पाणी. त्यावरून समुद्राबद्दल बोलावं का?

पाचपाखाडीकर

मास्तर, पहिल्यावर कान धरला तो बरोबर, केंद्रकंच आहेत. कारण मी सांगण्यापेक्षा ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सांगावं. भिंगताई, आहात का?

दुसऱ्यावर: लोटीची चिंता मला नाही, किती समुद्रांतून लोट्या भरल्या याची आहे. ऐंशी हजार केंद्रकं असली तरी माणसं ४८. एकाच माणसाची दोन हजार केंद्रकं म्हणजे दोन हजार साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराने दोन हजार वेळा सांगितलेली साक्ष. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक आहे. २०२३ मध्ये याच २०१९ च्या डेटाचा काही लोकांनी माणूस हे एकक धरून पुन्हा हिशेब केला, तर 'बदललेल्या' जनुकांची यादी शेकडो पटींनी आक्रसली. त्यामुळे नवा शोधनिबंध आला की मी आधी पेशींचा नाही, माणसांचा आकडा बघतो.

भिंग

आहे, आहे. खारघरला राहते, आता शिकवते. त्याआधी बाहेरदेशी सहा वर्षं हेच केलंय, गोठलेल्या मेंदूतून केंद्रकं काढणं.

मास्तर, चेतापेशी म्हणजे चिंचेच्या झाडासारखी, फांद्या लांबच लांब, त्या दुसऱ्या झाडांत गुंतलेल्या. अख्खी उपटायला गेलं की तुटते. त्यात आपल्याला मिळणारा तुकडा मेंदूच्या बँकेत वर्षानुवर्षं उणे ८० अंशावर ठेवलेला. गोठताना बर्फाच्या कणांनी पेशीचं बाहेरचं आवरण फाटलेलंच असतं. केंद्रक मात्र टणक, ते टिकतं. म्हणून केंद्रक. तोटा असा की पेशीच्या टोकापर्यंत पोचलेला आरएनए हातून जातो. मायक्रोग्लियाच्या, म्हणजे मेंदूत पहारा आणि साफसफाई करणाऱ्या पेशींच्या, काही महत्त्वाच्या खुणाही केंद्रकात फिक्या दिसतात. ताजी पेशी घ्यावी तर वेगळीच भानगड. ३७ अंशाला एन्झाइमने सोडवताना मायक्रोग्लिया घाबरतात आणि घाबरल्याची परिपत्रकं काढतात. आपण समजतो आजार सापडला!

करायचं कसं, तर हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. काचेची नळी आणि तिच्यात जेमतेम मावणारा काचेचा दांडा, आमच्याकडची बाई त्याला 'काचेचा खलबत्ता' म्हणायची. नळी बर्फात रुतवायची, थंड द्रावणात तुकडा टाकायचा आणि दांडा वर-खाली. घाई केली की केंद्रकं फुटतात, आळस केला की गुठळ्या राहतात. हाताला कळतं, दांडा जड लागेनासा झाला की थांबायचं. मग जाळीतून गाळायचं आणि निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली बघायचं. वाटोळी, कडा धारदार असलेली केंद्रकं दिसली तर दिवस चांगला. कडा ओघळल्यासारख्या दिसल्या तर चहा प्यायला जायचं.

द्रावणात फुटलेल्या पेशींचा आरएनए तरंगत असतो. प्रत्येक थेंबात तोही थोडा शिरतो. आम्ही त्याला सरळ 'सूप' म्हणायचो. त्यामुळे मायक्रोग्लियाच्या केंद्रकात चेतापेशीची जनुकं दिसली तर आनंदाने उडी मारू नये, आधी सूप वजा करावं.

आणि धागालेखकांनी एक गोष्ट लिहिली नाही. ज्या पेशी आधी मेल्या त्या आपल्या डेटात नसतातच. आपण वाचलेल्यांची जबानी घेतो. 'हा गट कमी झाला' हे त्यांच्या गैरहजेरीवरून, उरलेल्यांशी प्रमाण लावून काढलेलं अनुमान असतं. शिवाय एका माणसाचा मेंदू एकदाच मिळतो, मेल्यावर. ८४ जणांचा 'लांबलचक रस्ता' हा ८४ वेगवेगळ्या माणसांचे फोटो ओळीत लावून केलेला चित्रपट आहे.

मेथीची_जुडी

मी नौपाड्याची. माझ्या नवऱ्याला कंपवात आहे, नववं वर्ष. धागा अल्झायमरवर आहे, पण कंपवातातही 'कोण आधी जातं' असं काही कळलंय का? डॉक्टर डोपामिन कमी झालंय म्हणतात आणि गोळीची वेळ बदलतात.

भिंग

मेथीताई, यात तर हे तंत्र सगळ्यात लख्ख बोललंय असं माझं मत. कंपवातात मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातल्या, सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिन पेशी जातात. अंगात कंप दिसेपर्यंत बऱ्याचशा गेलेल्या असतात. त्या मुळातच मूठभर, सरसकट वेचलं तर हाती लागत नाहीत. २०२२ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने त्यांची केंद्रकं खुणेने निवडून काढली, २२,०४८. बघतात तर डोपामिन पेशींचे दहा उपप्रकार. त्यातला एक सगळ्यांत जास्त मरत होता, एजीटीआर-१ हे जनुक चालू असलेला. पत्ता लावला तर तो पट्ट्याच्या खालच्या कडेला, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त नाश होतो असं विकृतिशास्त्राचे लोक कधीपासून सांगत होते, नेमका तिथे.

मला त्याहून आवडलेलं पुढचं. कंपवाताचा धोका वाढवणारी जी जनुकं घराण्यांतून आणि लोकसंख्येतून सापडली होती, ती याच उपप्रकारात जास्त चालू होती. म्हणजे दोष बाहेरून आलेल्या वादळाचा असेल-नसेल, पण त्या पेशींचं लाकूड मुळात कुठे पोखरलेलं आहे ते दिसलं.

जरा_थांबा

एजीटीआर-१ म्हणजे अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर ना? त्याला अडवणाऱ्या गोळ्या अर्धं ठाणे रक्तदाबासाठी खातं. टेल्मिसार्टन, लोसार्टन. मग झालं की औषध!

भिंग

नाही हो. हे जनुक त्या पेशींचं ओळखपत्र म्हणून सापडलं, मारेकरी म्हणून नाही. खिडकीला हिरवा पडदा असलेल्या घरात चोरी झाली म्हणून पडद्याने चोरी केली असं होत नाही. मेथीताई, कृपा करून हे वाचून कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नका. कंपवातात उभं राहिल्यावर अनेकांचा रक्तदाब आधीच घसरतो.

मेथीची_जुडी

नाही करणार. पण 'पोखरलेलं लाकूड' ऐकून बरं वाटलं. नवरा नऊ वर्षं स्वतःलाच दोष देतोय, कारखान्यात फार वर्षं काढली म्हणून.

जरा_थांबा

थट्टा केली, हलकं घ्या. आता गंभीर. गेली पंधरा वर्षं हे पेशींच्या नकाशांतले रंगीत ठिपके बघतोय, दर महिन्याला नवा नकाशा. माझे वडील गेले तेव्हा त्यांना मिळत होती तीच डोनेपेझिलची गोळी आजही मिळते. या नकाशांनी एक तरी रुग्ण सुधारला का? इतक्या पैशांत गावोगाव दिवसभराची सांभाळगृहं झाली असती. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ चा अंदाज आहे. त्यांना ठिपके नको, दुपारी चार तास कोणीतरी माणूस हवं.

पाचपाखाडीकर

चार तास माणूस हवं यावर तुमच्याशी भांडण नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाईंनी गावी जायची रजा घेतली की मी आणि बायको आळीपाळीने घरून काम करतो, तेव्हा कसलं जनुक आणि कसलं काय.

पण हिशेब पुरा मांडू. नकाशांतून थेट आलेलं औषध आज नाही, मान्य. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब जुन्या अमायलॉइडच्या वाटेने आलं. १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही, आणि मेंदूत सूज-रक्तस्राव होण्याचा धोका आहे. दुसरं, २०१७ मध्ये इस्रायलमध्ये उंदरांच्या मेंदूत पेशी-पेशी बघून मायक्रोग्लियाचा एक खास अवतार सापडला, गोळ्यांभोवती कोंडाळं करणारा. तो पुरता जागा व्हायला ट्रेम-२ हे जनुक लागतं. माणसांत त्याच जनुकातल्या दोषाने अल्झायमरचा धोका वाढतो हे २०१३ पासून माहीत होतं. सगळ्यांना वाटलं, सापडली किल्ली. ट्रेम-२ चेतवणारं एक औषध माणसांवर तपासलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ते नापास झालं. मी त्या दिवशी डबा परत आणला, खाल्लाच नाही.

पण म्हणून नकाशा चुकला का? उंदराच्या मायक्रोग्लिया आणि माणसाच्या मायक्रोग्लिया यांचा चेहरा पूर्ण जुळत नाही, हे सांगितलंही याच तंत्राने. आणि २०२५ मध्ये एक काम आलं. जुन्या अमायलॉइड लशीची चाचणी २००२ मध्ये मेंदूदाहामुळे थांबवली होती. त्यातल्या काहींनी मेंदू दान केले होते. ते, आणि लेकॅनेमॅब घेतलेल्या एका व्यक्तीचा मेंदू, काप काप करून पत्त्यासकट वाचले. गोळे जिथे साफ झाले तिथल्या मायक्रोग्लिया काय करत होत्या आणि जिथे नाही झाले तिथल्या काय, हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. वीस वर्षांपूर्वी फसलेल्या चाचणीतून आज काही निघतंय, ते त्या माणसांनी डोकं दिलं म्हणून.

जरा_थांबा

डबा परत आणला हे वाचून थांबतो. सहमत नाही, पण थांबतो.

ऐरोलीकर_२

अवांतर नाही, तांत्रिक प्रश्न. हे ठिपके किती मोठे? एका ठिपक्यात एकच पेशी कशावरून? आणि घरच्या लॅपटॉपवर बघायला मिळतं का काही?

पाचपाखाडीकर

कशावरूनच नाही. जास्त चालणाऱ्या एका पद्धतीत ठिपका ५५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दोन ठिपक्यांच्या मध्यांत १०० मायक्रॉन अंतर. केसाच्या जाडीहून थोडा लहान. पेशी बहुधा १०-२० मायक्रॉनची, म्हणजे एका ठिपक्यात चार-पाच बिऱ्हाडं, आणि ठिपक्यांमधल्या बोळात राहणारे गणतीतच नाहीत. बिऱ्हाडं वेगळी करायला पेशीवार डेटाशी ताळा घालतो. दुसऱ्या पद्धतीत, मर्फिश वगैरे, पेशीच्या आतला एकेक आरएनए चमकवून मोजतात. पत्ता अगदी दारावरच्या पाटीपर्यंत, पण कोणती जनुकं बघायची ती यादी आधी ठरवावी लागते. यादीत नाही ते दिसत नाही. आता बारीक बारकोडवाल्या पट्ट्याही आल्यात, त्यांत ठिपका पेशीहून लहान, पण मग प्रत्येक ठिपक्यात आरएनए इतका तुरळक पडतो की पुन्हा जोडत बसा.

सिएटलवाल्यांचा नकाशा इंटरनेटवर खुला आहे, ब्राउझरमध्ये चालतो. रविवारी मी लावून बसलो होतो तर आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "रंग छान भरलेत, पण ठिपके फार जवळ पडले. ओढताना रेघा मिसळतील." ठिपक्यांच्या गर्दीबद्दल आमचा साहेब नेमकं हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत.

भिंग

आईंना आमच्याकडे कामाला पाठवा!

ठिपक्यांवर काप ठेवणं म्हणजे काय ते सांगून टाकते, आता विषय निघालाच आहे तर. काप १० मायक्रॉन जाड. पट्टीवर साडेसहा मिलिमीटरचा चौकोन, त्यातच बसला पाहिजे. थंड पेटीत ब्रशच्या दोन केसांनी काप सरकवायचा, खालून बोटाची ऊब द्यायची की तो चटकन चिकटतो. एकदाच. एकदा माझ्या कापाला बरोबर मधोमध घडी पडली, साडीच्या निरीसारखी. घडीत दोन थर, म्हणजे त्या ठिपक्यांना दुप्पट आरएनए. पट्टीची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. टाकून द्यायची हिंमत झाली नाही, तशीच चालवली, आणि पुढचे तीन महिने मधल्या पट्ट्यात 'नवीन आजार' दिसत राहिला. साहेबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले.

धागालेखकांच्या मूळ प्रश्नाकडे, पेशीचा स्वभाव की शेजार. मला विचाराल तर आधी स्वभाव, मग शेजार. लांब फांद्यांच्या, जास्त खर्चिक पेशी आधी कमकुवत होतात, मग शेजारच्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट्स नावाच्या आधारपेशी काय करतात त्यावर तग ठरतो. मुरडीसारखं हाताचं कसब मात्र मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूकडे. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा भाग शस्त्रक्रियेत काढला. ते आरशात बघून चित्र गिरवायला दिवसेंदिवस जास्त चांगलं शिकले, आणि रोज म्हणायचे की हे मी पहिल्यांदाच करतोय.

निशिगंध_वाशी

इतके दिवस नुसती वाचतेय. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, अकरा वर्षं आजार. त्यांचं देहदान करायचं मनात होतं, पण ऐन वेळी कोणी काही सुचू दिलं नाही. विचारायचं होतं की मेंदू दान करता येतो का? हे सगळे मेंदू परदेशातलेच दिसतात. आपल्या माणसांच्या पेशी तशाच वागतात हे कोणी बघितलंय?

भिंग

ताई, करता येतो. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूची बँक आहे. पण मेंदूला वेळ फार कमी असतो. नेत्रदानाला जशी सहा तासांची घाई, तशी इथेही काही तासांची. आरएनए नासतो. साधारण पद्धत अशी की एक अर्धा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा अर्धा उणे ८० अंशावर. ठाण्याहून ते जमवायचं तर आधीपासून बोलून ठेवावं लागतं. आपल्याकडे देहदान मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात होतं, तो देह विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला, त्याला फॉर्मॅलिन भरतात. तेही मोठं दान, पण त्यातून हे काम होत नाही, दोन्हींत गल्लत नको.

तुमचा दुसरा प्रश्न मला टोचतो. या नकाशांतले बहुतेक मेंदू युरोपीय वंशाच्या, शिकलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे. आपल्याकडे मधुमेह लवकर, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आजार सोबतीला. रक्तवाहिन्यांच्या पेशी आपल्या माणसांत त्याच क्रमाने बिघडतात असं समजून चालणं मला पटत नाही.

निवृत्त_मास्तर

मी माझ्यापुरतं ठरवलं. वय ८१, आजार काही नाही, पण 'काही नाही' वाल्यांचेही लागत असतीलच?

भिंग

मास्तर, तेच सगळ्यात कमी मिळतात. कोणाशी तुलना करायची ते कळायला निरोगी मेंदू लागतो. पण घाई नाही हो!

पाचपाखाडीकर

भावाला कल्याणला फोन केला. पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, आईच्या डोक्याला हात लावायचा तर तिला विचारायला हवं होतं, चार वर्षांपूर्वी, जेव्हा ती उत्तर देऊ शकत होती. खरं आहे. तिच्या वतीने हो म्हणायचा कायद्याने अधिकार नंतर आम्हाला येईल, पण विचारायची वेळ मी तेव्हा ऑफिसात बसून घालवली. माझा स्वतःचा फॉर्म मागवतोय. आईचं अजून ठरलं नाही.

मेथीची_जुडी

नका इतकं मनाला लावून घेऊ, आमच्याकडेही कोणी विचारलं नव्हतं. अवांतर आहे, पण परवापासून मनात आहे. मुरड घालूनही करंजी तळताना उकलत नाही म्हणजे त्यांचा साटा वेगळा असणार. प्रमाण लिहाल का?

पाचपाखाडीकर

विचारलं मघाशी. तांदळाची पिठी आणि तूप, एवढं म्हणाली. किती, तर हाताची ओंजळ करून दाखवली, मग तुपाचं भांडं मागितलं. प्रमाण तिला सांगता येत नाही, करून दाखवते. येत्या रविवारी बायको वजनकाटा घेऊन शेजारी बसणार आहे, ओंजळ मोजून टाकतो इथे.